भूतदया कोणाच्या दाण्यावर?



कार्तिकीची वारी करून वारकरी घरी परततो, रानात रब्बीची ज्वारी वाढीला लागलेली असते, आणि त्याच सुमारास उत्तरेकडून दुसरी एक वारी आमच्या गोदाकाठी येऊन उतरते. ती पक्ष्यांची वारी होय. जालना जिल्ह्याची दक्षिणेची शीव गोदामाईने आखून दिली आहे. अंबड तालुक्यातील शहागडापासून घनसावंगी, परतूर तालुक्यांच्या काठाकाठाने ती पूर्वेला जाते. पलीकडे बीड जिल्हा, अलीकडे आपण. या पट्ट्यात हेमंत ऋतू लागला की वाळूच्या बेटांवर भगव्या अंगाची चक्रवाकांची जोडपी दिसू लागतात, उथळ पाण्यात तलवार बदके आणि थापटे चरतात, बांधावर परीट पक्षी शेपटी हलवीत फिरतात, आणि भोरड्या तर त्यांच्याही आधी येऊन बाभळीवर कलकलाट करीत असतात. चक्रवाक लडाख व तिबेटच्या पठारावरून येतो. पट्टकादंब हिमालय ओलांडून येतो, आणि तो सात हजार मीटरांहूनही उंच उडाल्याची नोंद झालेली आहे. भोरडी मध्य आशियाच्या गवताळ मुलुखातून येते. कोणी त्यांना पत्र धाडले नाही, कोणी पताका लावली नाही, तरी नेम चुकत नाही.

हे सर्व आम्ही आज लिहितो खरे, पण येथे एक कबुली दिली पाहिजे. आमचे वय आता सहासष्ट. त्यातील चाळीसांहून अधिक वर्षे कीर्तनाच्या गादीवर गेली. त्या चाळीस वर्षांत आम्ही हंस किती वेळा सांगितला याची गणती नाही. नीरक्षीरविवेक आला की हंस आला. विरह आला की चक्रवाक आला. अनन्यता आली की चातक, आणि प्रेम आले की चकोर. ज्ञानेश्वरीत माऊलीने या पाखरांचे दृष्टांत जागोजागी योजले आहेत. मेघदूतातील मानसाकडे निघालेले हंस आम्ही पाठशाळेत मुखोद्गत केले. आणि इतके असून गेल्या साली पौष महिन्यापर्यंत आम्ही चक्रवाक डोळ्यांनी पाहिला नव्हता! आमच्या गावापासून तो दोन कोसांवर दर वर्षी चार महिने मुक्कामाला असतो, हेही आम्हाला ठाऊक नव्हते.

न्यायशास्त्रात प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे सांगितली आहेत. उपमानाचे उदाहरण देताना गवयाचे देतात. एका ग्रामस्थाला कोणी सांगितले की गवय हा गाईसारखा असतो. तो पुढे रानात जातो, तसा पशू पाहतो, आणि मग त्याला कळते की गवय म्हणतात तो हाच. आमचे गुरुजी हे उदाहरण फार रंगवून सांगत. पण त्यात एक पायरी आहे, ती आम्ही विसरलो. तो ग्रामस्थ रानात जातो! आम्ही मात्र गाईसारखा, गाईसारखा, असे चाळीस वर्षे लोकांना सांगत राहिलो आणि रानाकडे पाऊल टाकले नाही.

आता ते पाऊल कसे पडले ते सांगतो. नदीकाठच्या एका गावी सप्ताह होता. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. तिसऱ्या दिवशी आमचे कीर्तन झाले आणि विषय होता भूतदया. त्यात आम्ही तुकोबारायांची राखणीची कथा सांगितली. महिपतिबोवांच्या परंपरेने ही कथा आपल्या घराघरांत पोचली आहे. शेतकऱ्याने तुकोबांना शेत राखायला बसविले, पाखरे आली, तुकोबांना ती हाकलवेनात, पाखरे पोटभर जेवली, शेतकऱ्याने फिर्याद नेली, आणि पुढे पाहतात तो शेत दाण्यांनी भरलेले! लोकांनी टाळ्या वाजविल्या. आम्हीही रंगात आलो आणि म्हणालो, “मायबापहो, पाखरांना हाकलू नका. त्यांचे दाणे देवाने लिहून ठेवलेले आहेत.”

कीर्तन आटोपले, आरती झाली, लोक पाया पडून गेले. शेवटी एक बाई उभी राहिली. कपाळ मोकळे, पदर डोक्यावरून घेतलेला. दीड एकर रान तिने बटईने केले होते, सगळी ज्वारी. ती म्हणाली, “म्हाराज, तुकोबाची गोष्ट चांगली सांगितली. तुकोबाचं शेत देवानं भरलं. माझं कोण भरून देणार? चार दिवस झाले, भोरड्या अशा पडायल्यात की कणसाचं नुसतं बुरकुंड राहायलंय. तुम्ही म्हणता हाकलू नका. पाखरं देवाची, मग माझी लेकरं कोणाची?”

आम्ही काही तरी उत्तर दिले. बहुधा प्रारब्धाचे दिले असावे. उत्तर देताना आमच्याच कानाला ते पोकळ लागले. बाई नमस्कार करून गेली, आणि आम्हाला त्या रात्री झोप लागली नाही.

झोप न लागण्याचे कारण जुने आहे. नवव्या वर्षी आम्ही पाठशाळेत गेलो. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा आम्ही माधुकरी मागत होतो. लोक सुकडीवर आणि अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोच्या भाकरीवर दिवस काढीत होते; खडी फोडायला जात होते; आणि त्यातूनही एक तुकडा आमच्या झोळीत घालीत होते. तेव्हापासून आजवर आम्ही जो दाणा खाल्ला तो दुसऱ्याने पिकविलेला. शेत पेरले नाही, राखले नाही, खुडले नाही. ज्याने आयुष्यात एक कणीस राखले नाही, त्याने राखणाऱ्या बाईला सांगावे की पाखरे हाकलू नको, हा अधिकार आम्हाला कोणी दिला?

पहाटेस उठलो आणि विचारीत विचारीत तिच्या शेतावर गेलो. ती माळ्यावर उभी होती. आम्हाला पाहून तिला संकोच वाटला, पण तिने वर घेतले. दिवस उगवला तसा पश्चिमेकडून एक ढग आला. तो ढग नव्हे, भोरड्या होत्या. हजारांच्या संख्येने एकदम वळतात, एकदम खाली येतात, जणू कोणी एक चादर झटकावी. अंग गुलाबी, डोके आणि पंख काळे. सौंदर्य म्हणाल तर डोळे निवावेत असे. पण तेवढ्यात ती चादर ज्वारीवर पडली, आणि बाईच्या तोंडून जो हाय निघाला तोही ऐकला. एकाच क्षणी दोन्ही खरे होते. बाईने गोफण फिरविली, आरोळी दिली, थवा उठला, बांधापलीकडे गेला. मग गोफण आमच्या हाती दिली. आम्ही फिरविली ती धोंडा आमच्याच पाठीमागे जाऊन पडला! बाई पदराआड हसली. गोफण चालविणे हे मृदंगाइतकेच शिकावे लागते, हे त्या दिवशी कळले.

थवा बांधापलीकडे गेला तो शेजारच्या हरभऱ्यात उतरला. आम्ही म्हटले, आता याचेही नुकसान. तर बाई म्हणाली, “तिथं दाणं नाही खात म्हाराज, घाटेअळी खातेत. नाकतोडे बी खातेत.” पाहा, ज्या बाईचे शेत ते पाखरू लुटत होते तीच त्याची बाजू मांडीत होती. कारण ती रोज पाहत होती. आम्ही पाहिले नव्हते, म्हणून आमच्या कीर्तनात पाखरू नुसते देवाचे होते, आणि शेजारच्या गड्याच्या बोलण्यात ते नुसते चोर होते. त्याने तिला सल्ला दिला होता की औषधात भिजविलेले दाणे बांधावर टाक, एका दिवसात निकाल लागेल. बाईने ते केले नव्हते. का केले नाही, असे विचारता ती एवढेच म्हणाली की, “ते मन घेत नाही.”

त्याच दिवशी दुपारी नदीवर जालन्याकडची दोन तरुण मुले भेटली. गळ्यात दुर्बीण, हातात वही. पाणपक्ष्यांची गणना जानेवारीत आशियाभर होत असते, १९८७ पासून ती चालू आहे. त्यासाठी ती आली होती. आमच्या या मुलुखातील पक्ष्यांची शास्त्रीय पाहणी पहिल्यांदा डॉ. सालिम अली यांनी १९३१-३२ साली केली, तेव्हा हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, हेही त्या मुलांकडून कळले. त्यांनी दुर्बीण आमच्या डोळ्यांना लावली आणि वाळूच्या बेटावर पाहा म्हणाले. भगव्या रंगाचे एक जोडपे बसले होते. हाच चक्रवाक! आमच्या डोळ्यांना पाणी आले ते आनंदाचे की लाजेचे, सांगता येत नाही.

रात्री पुन्हा काठावर जाऊन बसलो. कवी म्हणतात की चक्रवाकाची जोडी रात्री ताटातूट होऊन दोन तीरांवरून एकमेकांना हाका मारते. अंधारात हाका ऐकू आल्या, एक इकडून आणि एक तिकडून. पहाटे पाहिले तो दोघे शेजारी शेजारी. ते रात्रीही चरत असतात आणि चरताना एकमेकांना साद देतात. कवी खोटे बोलले नाहीत; ते काठावर बसले होते, त्यांनी ऐकले होते, मग लिहिले. आम्ही मात्र त्यांचे लिहिलेले तेवढे घेतले आणि काठ सोडून दिला. त्या मुलांचा एक नियम आम्हाला फार आवडला. वहीत जे स्वतः पाहिले तेच लिहायचे. दुसऱ्याने सांगितलेले आपले म्हणून लिहायचे नाही. कीर्तनकाराने असा नियम एक वर्ष पाळला तर कीर्तन बरेच आखूड होईल!

असो. आता मूळ प्रश्नाकडे वळू. शास्त्राच्या रीतीने आधी पूर्वपक्ष मांडला पाहिजे. एक पक्ष म्हणतो, सर्व जीव नारायणाचे. पाखराला बँक नाही, कोठार नाही. त्याला दाणा नाकारणे ही हिंसा. दुसरा पक्ष म्हणतो, शेतकऱ्याने घाम गाळून पिकविले, ते राखणे हा त्याचा धर्म; लेकराच्या तोंडचा घास पाखराला घालणे ही दया नव्हे, भ्रम आहे; म्हणून जे पीक खाते ते मारावे.

दुसऱ्या पक्षाचे शेवटचे वाक्य आधी घेऊ, कारण ते जगात करून पाहिले गेले आहे. १९५८ साली चीन देशात सरकारने चिमणीला दाणेचोर ठरविले आणि कोट्यवधी लोकांना ताटे-डबे वाजवून चिमण्या मारायला लावले. चिमण्या गेल्या, आणि त्यांच्या पोटात जाणारी कीड शेतात माजली. १९६० साली शत्रूंच्या यादीतून चिमणीचे नाव काढावे लागले, पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. त्याच देशाच्या सिंक्यांग प्रांतात पुढे १९८० च्या दशकापासून टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून आपल्या याच भोरड्यांसाठी दगडांची घरटी रचून देण्यात आली. म्हणजे पाखी आमच्याकडे कणीस खाते आणि मायदेशी टोळ खाते. दोन्ही तिच्याच चोचीची कामे. जो फक्त कणीस पाहतो तो अर्धे पाहतो. आणि विषारी दाण्याला तर भोरडी कोणती आणि होला कोणता हे समजत नाही, गावची कोंबडी आणि कुत्रेही समजत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने असे मारणे गुन्हा ठरविले आहे, पण कायद्याच्याही आधी त्या बाईचे मन ते घेत नव्हते, ही गोष्ट आम्हाला मोठी वाटते.

आता पहिला पक्ष. तो आमचाच पक्ष होता, म्हणून त्याची झडती अधिक कसून घेतली पाहिजे. तुकोबांची कथा आम्ही पुन्हा मनात घोळविली, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, जी इतकी वर्षे आमच्या जिभेवर होती आणि ध्यानात नव्हती. पंचांपुढे फिर्याद गेली तेव्हा तुकोबा काय म्हणाले? देव भरून देईल, असे म्हणून ते निघून गेले नाहीत. मालकाचे जे नुकसान होईल ते भरून देण्याचे त्यांनी आपल्या अंगावर घेतले. घरात दाणा नाही, आणि हा साधू दुसऱ्याच्या शेताची भरपाई कबूल करतो! शेत भरले हा चमत्कार त्याच्यानंतरचा. आम्ही कीर्तनकार चमत्कारावर टाळी घेतो आणि कबुली दोन शब्दांत उरकतो. वस्तुतः दया ती कबुलीच आहे. दाणे दुसऱ्याचे होते तोवर तुकोबांची दया अपुरी होती. भरपाई अंगावर घेतली तेव्हा ती पुरी झाली.

नाथमहाराजांचे तसेच. काशीहून रामेश्वराला न्यायची गंगेची कावड त्यांनी वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतली. ती कावड त्यांच्या स्वतःच्या खांद्यावरची होती. शेजारच्या यात्रेकरूची हिसकावून ओतली नव्हती. नामदेवराय तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले. भाकरी त्यांच्याच पानातली होती. संतांच्या या कथांत दया करणारा आणि खर्च सोसणारा एकच असतो. आमच्या कीर्तनात दया करणारे आम्ही होतो आणि खर्च त्या बाईचा होता.

यावर कोणी म्हणेल, तर मग ज्याचे शेत त्याने हवे ते करावे, इतरांनी बोलू नये. तसेही नाही. हाकणे आणि मारणे यांत अंतर आहे. राखणदार आरोळी देतो, गोफण फिरवितो, पाखरू उठून दुसरीकडे जाते, तिथली अळी खाते, चिंचोके-निंबोळ्यांच्या झाडावर बसते, पळस-सावर फुलली की तिचा मध पिते. त्यात शेतकऱ्याचा अधिकार राहतो आणि पाखराचा जीवही राहतो. आमच्या वाडवडिलांनी गोफणीने हजार वर्षे राखण केली, आणि पाखरे येतच राहिली. म्हणून हाकलू नका हा आमचा उपदेश चूक होता, तो आम्ही येथे परत घेतो. मारू नका हा मात्र परत घेत नाही. पण जो मारू नका म्हणतो त्याने राखणीला हात लावला पाहिजे. पूर्वी काठावर जिकडे तिकडे ज्वारी असे, पाखरांचा भार शंभर शेतांवर वाटला जाई. आता कापूस, सोयाबीन आणि ऊस वाढला, ज्वारीचे पट्टे तुरळक राहिले, आणि सगळा थवा एकाच गरिबाच्या दीड एकरावर पडतो. भार वाढला तो पाखरांमुळे नव्हे, वाटेकरी कमी झाल्यामुळे.

सप्ताहाच्या सहाव्या दिवशी आम्ही पुन्हा उभे राहिलो आणि हे सर्व गावासमोर बोललो. बिदागी मिळाली ती बाईला देऊ केली. तिने हात मागे घेतला. म्हणाली, “दान नको म्हाराज. पैशानं पाखरू उठत नाही. दिवस उगवायला आन मावळायला दोन माणसं द्या.” टाळकरी मंडळींतील तरुणांनी पाळ्या लावल्या. ज्वारीचा दाणा टणक होईपर्यंत, म्हणजे पंधरा-सोळा दिवस, दोघे दोघे माळ्यावर उभे राहिले. आम्हीही चार सकाळी उभे राहिलो. गोफण शेवटपर्यंत साधली नाही, म्हणून पत्र्याचा डबा वाजविला. खळ्यावर रास झाली ती भरपूर झाली असे म्हणवत नाही. थोडी गेली, बरीच राहिली. बाईने विचारले, “या साली झालं. पुढच्या साली?” त्याला आमच्यापाशी तुकोबांसारखा चमत्कार नाही. आम्ही म्हटले, पुढच्या सालीही येऊ. आता हे लिहून ठेवले आहे, तेव्हा गेलेच पाहिजे.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. भोरडी दाणा खाते म्हणून तिच्याविषयी एवढा वाद. चक्रवाक बिचारा कोणाचे फारसे काही घेत नाही, त्याला बसायला वाळू पाहिजे. गोदेत जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी येथे बंधारे झाले. त्यामुळे शेताला पाणी मिळाले आणि बदकांनाही मिळाले, हे चांगलेच आहे. पण पाणी तुंबते तिथे वाळूचे बेट बुडते, आणि जिथे बेट उघडे असते तिथून रात्री वाळू उचलली जाते. त्या वाळूत आपल्या घरांचे, आणि सांगायला लाज वाटते, आपल्या मंदिरांचे सभामंडपही उभे आहेत. भोरडीने नेलेला दाणा बाई मोजू शकते; आपण नेलेली वाळू कोण मोजतो? पाखराला चोर म्हणण्याआधी हाही हिशेब पंचांपुढे ठेवावा लागेल, आणि तिथे फिर्यादी चक्रवाक असेल.

फाल्गुनात नाथषष्ठीला पैठणास गेलो. १९६५ साली ज्याची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींनी केली आणि जे १९७६ साली पुरे झाले, ते जायकवाडीचे धरण तिथे आहे. त्याच्या नाथसागर जलाशयाला १९८६ साली पक्षी अभयारण्य ठरविले. दिंड्या वाळवंटात उतरत होत्या. संध्याकाळी पाण्यावरून पट्टकादंबांची एक रांग उठली आणि उत्तरेकडे गेली. डोक्यावर दोन काळे पट्टे, हे आता आम्हाला ओळखता येते. शेजारी एक म्हातारे वारकरी होते, त्यांना आम्ही बोटाने दाखविले. त्यांनी टाळ खाली ठेवून हात जोडले, आणि विचारले, “हे खातेत काय?” आम्ही सांगितले, “कोवळे गवत, आणि काठाचा गहू-हरभराही.” ते म्हणाले, “मग काठावरचा कोणी तरी त्यांच्या चार महिन्यांचा यजमान झाला म्हणायचा. त्याला बी एक नमस्कार.” आणि त्यांनी दुसऱ्यांदा हात जोडले.

सज्जनहो, येत्या पौषात आपल्या गावच्या नदीवर एक सकाळ जाऊन बसा. पाखरे पाहा. मग ज्याच्या शेतावर ती उतरतील, त्याच्या माळ्यावर एक पाळी उभे राहा. 

रामकृष्णहरि.